हळू आवाजातली माफी

खेळाच्या सरांनी मला बास्केटबॉल कोर्टाच्या मधल्या गोलात उभं केलं आणि म्हणाले, "सॉरी बोल."

मी म्हणाले, "सॉरी, सर."

"धीमे."

मी पुन्हा म्हणाले. जरा हळू. माझ्या मते हळू.

"हजी धीमे. आ तारा बापनुं खातुं नथी." अजून हळू. हे तुझ्या बापाचं खातं नाही.

समोर कॉलेजची मुलींची टीम रांगेत उभी होती. दहा जणी. त्यातल्या दोघींनी तोंडावर नॅपकीन धरला. कॅप्टन रूपा धरत नव्हती, ती उघड हसत होती. तिसऱ्यांदा म्हणाले तर सरांनी कानावर हात ठेवले आणि मुलींकडे बघून डोळे मोठे केले. मग म्हणाले, "माणसनी जेम बोल." माणसासारखं बोल.

चौथ्या वेळी माझा आवाज इतका खाली गेला की माझा मलाच ऐकू आला नाही. नुसता श्वास बाहेर आला. सर म्हणाले, "हं. आम." असं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग सरांनी मला जायला सांगितलं आणि मी गेले.

तो चौथा सॉरी मी म्हणाले. हे लपवून काही उपयोग नाही. मी म्हणाले. मी अठरा वर्षांची होते आणि मला कॉलेजातून काढतील ही भीती होती.

आमचं घर सुरतेच्या डिंडोलीत. मूळ अकोल्याकडचं. बाबा सुरतेत आले ते कापडाच्या लूमवर काम करायला. सहा मशीन एकटे चालवायचे, बारा तास. खातं म्हणजे लूमचं शेड. पत्र्याखाली साठ-सत्तर मशीन एकदम खडखडत असायच्या. माय घरात साड्यांवर टिकल्या चिकटवायची. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून बाबांचा डबा खात्यात पोचवायचे. खात्यात पाय ठेवला की कान कामातून जातात. मग डोळ्यांनी ऐकायचं. तिथले सगळे कारागीर ओठ वाचतात. कुणी शिकवत नाही, येतं. मलाही आलं. दहा मशीन पलीकडचा माणूस काय म्हणतो ते मला दिसायचं.

आणि खात्याचा एक नियम होता. एका टोकाला देखरेखीचा मास्तर काही बोलला की पहिल्या मशीनवाल्यानं ते दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. लाइट जाणार आहे. शेठ येतोय. चार नंबरच्या बीमवरचं सूत संपलं. निरोप दिसला की पुढे द्यायचा, आपल्यापाशी ठेवायचा नाही. ठेवला आणि कुणाचा हात पट्ट्यात गेला तर पाप तुमच्या माथी. डबा खाली ठेवायच्या आधी मी दोन-तीन निरोप पुढे दिलेले असायचे. कारागीर हसायचे. म्हणायचे, हिला मशीन द्या.

बाबांचे कान त्या खात्यानंच नेले. म्हणून घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. भांडत नसायचो, भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगत असायचो. वस्तीत कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण घरोघरी तेच. विहारात वंदना म्हणताना मला पुढे बसवायचे, माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो म्हणून. माझा आवाज ही काही लाजायची गोष्ट आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

कॉलेजात माझं कुणी नव्हतं. नव्वदनंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. मुली लुनावर यायच्या, कायनेटिकवर यायच्या, कँटीनमध्ये घोळका करून बसायच्या. मी तोंड उघडलं की घोळका मागे सरकायचा. एकीनं विचारलं होतं, "तुं बहेरी छे?" मी बहिरी नव्हते. पण मग मी बोलायचंच कमी केलं. जिन्याखाली बसून डबा खायचे. तास सुटल्यावर बस यायला दीड तास असायचा, म्हणून कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला लागले. तिथं मुलींची टीम सराव करायची.

ती टीम कायम हरायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हरत होती, दुसऱ्या वर्षीही हरत होती. कुणी बघायला येत नसे. मुलांची मॅच असली की पायऱ्या भरायच्या, मुलींच्या मॅचला एक कुत्रं आणि मी. मला खेळता येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. पण मला तो खेळ आवडला. फार आवडला. चेंडू जाळीतून नुसता 'सप्' करून खाली येतो ना, कड्याला न लागता, त्याची मी वाट बघत बसायचे. मला वाटायचं, हरणाऱ्या टीमला एक तरी बघणारं माणूस लागतं. तसं कुणी मला सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं.

हळूहळू मला ते का हरतात तेही दिसायला लागलं. रूपा कॅप्टन होती. रूपाला डाव्या हातानं चेंडूचे टप्पे मारता येत नव्हते. धावताना ती केस सारखे करायची. पण रूपाचे वडील कॉलेजचे ट्रस्टी होते आणि सर रूपाचे सख्खे मामा होते. सरांना नोकरी मेहुण्यानं लावली होती, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. रूपाच्या दोन मैत्रिणी टीममध्ये होत्या, कारण त्या रूपाच्या मैत्रिणी होत्या. आणि कोकिळा बाकावर होती.

कोकिळा उधन्याहून यायची. उंच, काळी, हडकुळी. तिचा बापही लूमवरच होता, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं होतं. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. ती एकदा सुटली की कुणाला सापडायची नाही. सरावात ती एकटी तिघींना चकवून जायची आणि मग सर शिट्टी वाजवून तिला परत बाकावर पाठवायचे. "टीममां रमवानुं, एकला नहीं." टीममध्ये खेळ, एकटी नको. रूपा एकटीच चेंडू घेऊन धावायची आणि हरवायची तेव्हा सर म्हणायचे, "नो प्रॉब्लेम, बेटा." मला पायऱ्यांवर बसून राग यायचा. तो राग कुणाला सांगायला कुणी नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसून मी तो सगळा सामना परत मनात खेळायचे, कोकिळाला खेळवून, आणि जिंकायचे.

घरी बाबा विचारायचे, "तुमचा तो टोपलीचा खेळ, जिंकला काय वं?" मी ओरडून सांगायचे, नाही. ते म्हणायचे, "त्या उंच पोरीले काहून नाही खेळवत मंग?" एवढंच साधं होतं ते. आयुष्यात बास्केटबॉल न पाहिलेल्या माणसाला कळत होतं.

मग ती मॅच आली. घरच्याच कोर्टावर, आंतरकॉलेज. यावेळी पायऱ्या भरल्या होत्या, कारण समोरच्या कॉलेजची पोरं ढोल घेऊन आली होती. ट्रस्टींसाठी कोर्टाच्या पलीकडे सोफा ठेवला होता. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही आठनं मागे. रूपाला धाप लागली, तिनं स्वतःच हात वर करून बाहेर यायचं म्हटलं. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नाइलाजानं कोकिळाला उतरवलं.

चार मिनिटं. फक्त चार मिनिटं. कोकिळानं चेंडू काढून घेतला आणि गेली. परत काढून घेतला, परत गेली. आम्ही एकनं पुढे. मी उभी राहिले होते. दोन वर्षं मी जे एकटीनं बसमध्ये पाहिलं होतं ते सगळ्यांसमोर होत होतं.

तेवढ्यात पेपरचा फोटोग्राफर फाटकातून आत आला. पलीकडे ट्रस्टींनी, रूपाच्या वडिलांनी, सरांना बोटानं जवळ बोलावलं. ढोल असा वाजत होता की शेजारचं ऐकू येत नव्हतं. पण मला दिसत होतं. ट्रस्टी म्हणाले, "फोटावाळो आव्यो. रूपाने उतार." फोटोवाला आलाय, रूपाला खेळायला उतरव. सर म्हणाले, "बे मिनिट, साहेब, जीतीए छीए." दोन मिनिटं, जिंकतोय आपण. ट्रस्टी म्हणाले, "पेली लूमवाळीनो फोटो छपाववो छे?"

त्या लूमवालीचा फोटो छापायचाय का?

मी काय केलं ते सांगते. मी विचार केला नाही. मी धाडस केलं, क्रांती केली, असं काही नाही. मी लहानपणापासून जे करत आले तेच केलं. निरोप दिसला, तो पुढे दिला. शेजारी एक अनोळखी मुलगी होती, तिच्याकडे वळून खात्यात ओरडतात तसं ओरडले, "फोटावाळो आव्यो छे, एटले रूपाने उतारे छे! लूमवाळीनो फोटो नथी जोईतो!" उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि त्याच क्षणी रेफ्रीची शिट्टी वाजली आणि ढोल थांबला.

अख्ख्या कोर्टावर माझाच आवाज होता. शेवटचे दोन-तीन शब्द तर भिंतीला लागून परत आले. सगळे माझ्याकडे बघत होते. मग समोरच्या कॉलेजची पोरं हसायला लागली आणि त्यांनी ढोलावर चालूच केलं, "फोटो! फोटो! फोटो!" ट्रस्टींनी मान वळवली. रूपा उतरली ती रडवेली होऊन उतरली, कोकिळा बाकावर गेली, आम्ही सहानं हरलो.

मॅच संपल्यावर मी नळाशी उभ्या असलेल्या कोकिळाजवळ गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलणार होते. मी तिचं नाव घेतलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तने कोणे कह्युं हतुं?" तुला कुणी सांगितलं होतं? मग तोंड पुसून म्हणाली, "हवे मने कोई दिवस नहीं उतारे." आता मला कधीच उतरवणार नाहीत.

ती बरोबर बोलत होती. दुसऱ्या दिवशी शिपाई वर्गात मला बोलवायला आला आणि मग तो मधला गोल, तो सॉरी. रांगेत कोकिळाही होती. ती हसली नाही, पण बघितलंही नाही.

त्यानंतर मी सुधारले. सुधारायचं ठरवलं. आरशासमोर उभं राहून हळू बोलायचा सराव केला. ओठ फार हलवायचे नाहीत. शब्द तोंडातच ठेवायचे. रूपा बोलायची तसं. कोर्टावर जाणं बंद केलं, बसच्या थांब्यावर उभी राहायला लागले. वर्गात एक मुलगी म्हणाली, आता बरं बोलतेस. मला बरं वाटलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, की मला बरं वाटलं.

माय म्हणाली, "काहून वं, घसा बसला काय? आठ दिस झाले, कुजबुजून राह्यली."

खात्याला सुट्टी होती त्या दुपारी बाबा दारात बसले होते. मी वही काढून बसले होते. त्यांनी विचारलं, "तुमचा टोपलीचा खेळ काय म्हनते?"

मी म्हणाले, बंद केलं जाणं.

"काय म्हनतं वं?"

मी परत सांगितलं. तसंच, ओठांतल्या ओठांत. त्यांनी मान पुढे केली, माझ्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांना माझे ओठ सापडत नव्हते. "मोठ्यानं बोल ना, माय. ऐकू नाही येत मले." त्यांचा आवाज गल्लीभर गेला. समोरच्या दारातून कुणीतरी डोकावलं. माझं डोकं फिरलं. मी खाली मान घालून, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, दात ओठ खात म्हणाले, "हे तुमचं खातं नाही. माणसासारखं बोला."

आवाज हळूच होता. पण राग आला की ओठ पुरते उघडतात. आणि मान वर केली तेव्हा कळलं, मी मान पुरती खाली घातलीच नव्हती.

बाबांनी वाचलं. सगळं वाचलं. खात्यातल्या माणसाचं ओठ वाचण्यात चुकत नाही.

ते म्हणाले, "बरं." चपला घातल्या आणि बाहेर गेले. त्या दिवशी ते घरात एक शब्द बोलले नाहीत. जेवताना पाणी हवं होतं तर त्यांनी तांब्याकडे बोट दाखवलं. बाबांनी बोट दाखवलं. माझ्या समोर त्यांना आवाज काढायची लाज वाटत होती. माझ्या बापाला, स्वतःच्या घरात.

ते बोट बघून माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. सरांनी मला मधल्या गोलात उभं केलं तेव्हा मी रडले नव्हते. आता ताटावर बसून रडले. मला दिसलं, सरांना मैदानाबाहेर येऊन माझ्या घरात शिरायची गरजच पडली नव्हती. मी त्यांचं काम करत होते. फुकट, आणि त्यांच्यापेक्षा चांगलं. त्यांनी मला परक्यासमोर लहान केलं होतं, मी बापाला माझ्यासमोर लहान केलं.

सकाळी बाबा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. मी अनवाणी धावले आणि मागूनच ओरडले. माझ्या मूळच्या आवाजात. "बाबा! चुकलं माझं! माफ करा मले!" दारं उघडली. नळावरच्या बाया वळून बघायला लागल्या. बाबा थांबले. माझ्याकडे वळले.

"ऐकलं वं," ते म्हणाले. "अख्ख्या डिंडोलीनं ऐकलं." आणि कामाला गेले.

मी तिथंच उभी राहिले. मला कळलं की आयुष्यात पहिल्यांदा मी खरी माफी मागितली. चूक माझी होती, मला माहीत होती, आणि ज्याची मागायची त्याला ऐकू गेली. मग कोर्टावरचं ते काय होतं? मी खोटं बोलले नव्हते. ट्रस्टी जे बोलले ते मी सांगितलं. चूक ही होती की ते सगळ्यांना कळलं. त्याची माफी मी मागितली होती, चार वेळा, आणि ज्यांची चूक होती ते सोफ्यावर बसले होते.

महिना गेला. रूपाचं शेवटचं वर्ष होतं, तिची शेवटची मॅच होती. सरांनी शिपायाला पाठवून मला कोर्टावर बोलावलं. टीम सराव करत होती. सर यावेळी हसत होते. त्यांच्या हातात टीमचा टी-शर्ट होता. निळा, छातीवर कॉलेजचं नाव. दोन वर्षं मी तो लांबून बघितला होता. म्हणाले, समोरच्या कॉलेजकडे ढोल आहे, आपल्याकडे कुणी ओरडणारं नाही. "तारो अवाज काम लागशे. पहेली लाइनमां बेस. रूपानुं नाम लेजे, जोरथी." तुझा आवाज कामाला येईल, पहिल्या ओळीत बसून रूपाचं नाव घे, जोरानं.

टी-शर्ट त्यांनी माझ्या हातात दिला. मऊ होता. खरं सांगते, मला तो हवा होता. त्या कॉलेजात कुणी मला काही दिलं असं ते पहिलंच. घातला असता तर पहिल्या ओळीत बसले असते, माझ्या शेजारी माणसं बसली असती. मी तो बराच वेळ धरून उभी होते.

मग मी चालत मधल्या गोलात गेले. कुणी उभं केलं नव्हतं, मीच गेले. टी-शर्ट खाली ठेवला. आणि मराठीत बोलले. सुरतेत मराठी न कळणारं कुणी नसतं, न कळल्याचं सोंग करणारे असतात.

"सर, मी तुमची माफी मागितली होती. ती परत घेते. मी खोटं बोलले नव्हते. रूपा तुमची भाची आहे म्हणून ती खेळते. कोकिळा लूमवाल्याची आहे म्हणून ती बसते. हे मी ओरडून सांगितलं आणि परत सांगेन."

सरांचा चेहरा पडला. म्हणाले, "धीमे—"

"नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रूपा चेंडू काखेत धरून उभी होती. कोकिळा बुटाची नाडी बांधत होती, ती बांधतच राहिली. तिनं वर बघितलं नाही. बघावं असं मला फार वाटत होतं, पण तिचा बाक मला माहीत होता आणि तिच्या घरची मला कल्पना होती. मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही.

कॉलेजातून मला काढलं नाही. काढलं असतं तर का काढलं ते लिहावं लागलं असतं. मॅचच्या दिवशी मी माझ्या रोजच्या पंजाबी ड्रेसमध्ये वरच्या पायरीवर बसले. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसली नाहीत, पायऱ्या भरल्या तरी माझ्याभोवतीची जागा रिकामीच राहिली. शिपाई दोनदा येऊन उठायला सांगून गेला, मी उठले नाही. रूपा पूर्ण वेळ खेळली. कोकिळा पूर्ण वेळ बसली. आम्ही हरलो. रूपाचा फोटो पेपरात आला.

मी पायऱ्यांवरून उतरले तेव्हा कोर्ट रिकामं झालं होतं आणि माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. कॉलेजचं एक वर्ष उरलं होतं, ते असंच जाणार हे मला दिसत होतं. आणि तसंच गेलं.

पण बसच्या थांब्यावर उभी राहून मी एक ठरवलं, आणि ते आजपर्यंत मोडलेलं नाही. 'हळू बोल' म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, तुला काय लपवायचंय? माझी चूक असेल तर माफी मागायची, शेवटच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशी. चूक माझी नसेल, तर मरेपर्यंत मागायची नाही.